खाडीवरचे दोन आणि तीन ठोके

समुद्रावरच्या भुतांविषयी माझी अकरा प्रकरणं लिहून झाली होती. आणि माझा समुद्राशी आलेला संबंध म्हणजे शाळेच्या सहलीत लाँचवर झालेली उलटी. त्यानंतर मी डोंबिवली पूर्वेला राहून पाण्यापासून सुरक्षित अंतर राखलं होतं.

पण प्रकाशकांना तरुण मुलांसाठी कादंबरी हवी होती, त्यात भूत हवं होतं आणि समुद्रही. मी चार धीट पोरं एका जुन्या बोटीत बसवली, त्यांच्या हातात भुतं मोजायची यंत्रं दिली आणि त्यांना खोल पाण्यात नेलं. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी बाहेरून, पाण्याच्या बाजूने, बोटीवर ठोकतं. कोण ठोकतं ते मला माहीत नव्हतं. सहा महिने झाले, ते ठोकतंय आणि मी दार उघडत नाहीये.

खरं सांगायचं तर मी दमले होते. माझा नवरा शरद जाऊन तीन वर्षं झाली, आणि ती तीन वर्षं मी कशावर तरी चढतेय असं वाटायचं. झोपून उठले तरी दमलेली. त्यामुळे माझी भाची पूर्वा म्हणाली, "आत्या, तू नुसतं बसून लिहितेस. चल आमच्याबरोबर, खरं भूत दाखवते," तेव्हा मी उत्साहाने हो म्हटलं नाही. नाही म्हणायलाही ताकद लागते, ती नव्हती म्हणून गेले.

शुक्रवार

पूर्वा एकोणीस वर्षांची, माझ्या कल्याणच्या भावाची मुलगी. संध्याकाळी केस विंचरत नाही, मांजर आडवं गेलं की सात पावलं मागे येते. तिचा जोडीदार सुमेध अगदी उलट. तोही कल्याणचाच, चाळीत वाढलेला, आवाजाच्या तंत्राचा कोर्स करतो. मी त्याला गाडीत विचारलं, "तू मानतोस का रे भुतं?"

"आम्ही बौद्ध, आत्या. आमच्या घरात भूत नाय, अंगात येणं नाय, काहीच नाय. आई बोलते, जे आहे ते मोजून दाखव. म्हणून मी मोजतो. पूर्वा घाबरते, मी मोजतो. अशी टीम आहे आमची."

या टीमने मागचे चार शनिवार वसईच्या खाडीत, पलीकडच्या काठावरून होडी भाड्याने घेऊन, धुक्यात एक आवाज पकडला होता. त्याचा व्हिडिओ म्हणे खूप लोकांनी पाहिला. सुमेधने तो मला गाडीतच ऐकवला. लाटांचा चुबुकचुबुक आवाज, मग लांबून, धातूचा: टण टण. थोडं थांबून टण टण टण. दोन आणि तीन. पुन्हा दोन आणि तीन.

"मग तुम्ही काय करता?"

"परत वाजवतो," पूर्वा म्हणाली. "होडीच्या फळीवर, काठीने. जसं ऐकलं तसंच. म्हणजे समोरच्याला कळतं की आपण ऐकतोय. हा नियमच आहे आमचा." तिने दंडावरचा काटा मला दाखवला. "आणि आत्या, आपण वाजवलं की ते थांबतं. मग एकदम जोरात, भराभर वाजायला लागतं. म्हणजे त्याला समजतं!"

टेंभी नाक्याजवळ मिसळ खाल्ली, ती बरी होती. घोडबंदर रोडबद्दल लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना पटणार नाही. एवढंच सांगते, की बत्तीस मजली इमारतींच्या रांगेमधून डावी-उजवी वळणं घेत गाडी खाली उतरली आणि दहा मिनिटांत कौलारू घरं, सुकत टाकलेली जाळी आणि पांढरा क्रूस असलेलं गाव लागलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

या वेळी मुलांना आवाजाच्या जवळ जायचं होतं, म्हणून अलीकडच्या काठावर मुक्काम. उतरायचं होतं कार्मेलीनबायच्या घरी. मासेमारी करणारं ख्रिस्ती घर, मागची खोली त्या पाहुण्यांना देतात. साठीच्या पुढच्या, काटक, पायात घरातसुद्धा चपला. नाताळचा कागदी तारा अजून ओसरीवर लटकत होता आणि त्यात चिमणी शिरायला बघत होती.

"कशाला आयल्यात?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पूर्वा म्हणाली, "पक्षी बघायला. फ्लेमिंगो."

भूत म्हटलं की गावात कोणी होडी देत नाही, असं तिचं म्हणणं. साठीच्या बाईने एकोणिसाच्या मुलीच्या थापेला मान डोलावली, हे लिहून ठेवते.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटा हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. त्याचे डोळे डोक्यावर असतात आणि तो आपल्याकडे जरा नाराजीने बघतो. माझं आणि त्याचं जमलं. आमच्या घरी मसाल्याला गोडा आणि काळा अशी दोनच नावं. इथे बाटलीत ठासून भरलेला, वर्षभर पुरणारा मसाला. पहिल्या घासाला मी पाणी मागितलं, तिसऱ्याला अजून भाकरी.

ताटं घेताना भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक पितळी थाळी दिसली. मध्ये चांगला खोल पोचा पडलेली. मी ती काढायला हात घातला तर बाय म्हणाल्या, "ती ठेवा. ती जेवणाची नाय."

मी ठेवली. रहस्यकथा लिहून पोट भरणारी बाई मी. मघाशी गाडीत तो आवाज ऐकला होता, आणि समोर ती थाळी. पण मी ठेवली आणि स्टीलचं ताट घेतलं.

जेवण होतंय तोवर त्यांचा मुलगा ऑल्विन आला. तो वरच्या त्याच टॉवरांपैकी एकात राहतो, एकविसाव्या मजल्यावर. खिडकीतून आईचं कौल दिसतं म्हणे. आत न जाता ओसरीवरच माझ्याशी बोलत बसला.

"तुम्ही रायटर ना? मग तुम्हीच समजवा तिला. नऊ वर्षं झाली पप्पांना जाऊन. धुक्यात होडी घेऊन गेलेले. होडी उलटी सापडली, तिवरांच्या वळणावर. पप्पा नाय सापडले. आजपर्यंत तिने त्यांच्या नावाचा मिस्सा करू दिला नाय. दफन नाय, क्रूस नाय. या वर्षी कशीबशी हो बोलली. परवा रविवारी नाव सांगायचं ठरलेलं. आणि महिन्याभरापूर्वी एकदम पलटली. काय झालं काय माहीत."

"काय म्हणतात?"

"जित्या माणसाचा मिस्सा कसा सांगायचा, असं बोलते. रोज पहाटे धक्क्यावर जाते अजून. थंडीत. एक दिवस पडेल तिथे." त्याने चपलेने अंगणातली वाळू सारखी केली. "मला फक्त फादरला नाव सांगायचंय, ऑन्टी. एकदा. त्याशिवाय तीपण सुटत नाय, मीपण सुटत नाय."

मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थनासभा, इथे मेलेल्याच्या नावाने करायची. आमच्याकडे तेरावा. मला निदान तेरावा तरी करता आला, असं मनात आलं, आणि त्या माणसाकडे बघून उगाच लाज वाटली.

शनिवार

साडेपाचला उठलो. बाय आधीच उठून बाहेर गेल्या होत्या. ओट्यावर झाकलेला चहा होता.

होडी बाळारामदादांची. गावातले जुने मासेवाले, आगरी, मिशी पांढरी, शर्टावर शर्ट आणि त्यावर मफलर. ओहोटी होती, त्यामुळे होडी चिखलापलीकडे पाण्यात, आणि होडीपर्यंत फळ्या टाकलेल्या. दोन फळ्या पार केल्या आणि तिसरी हुकली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. ती अजून तिथेच असेल. एखादा निवटा संसार करत असेल तिच्यात.

"ताय, दुसरीपन टाका," दादा म्हणाले. "एक ठेवून काय कराल?"

तर कादंबरीकार अनवाणी, नारंगी जाकिटात गळ्यापर्यंत आवळलेली, अशी समुद्राकडे निघाली. समुद्र म्हणजे खाडीच, पण पाणी खारट आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. काहीच दिसत नव्हतं. धुकं इतकं की टोकावर बसलेल्या पूर्वाचा फक्त लाल स्कार्फ कळत होता. वरचे टॉवर, रोड, हॉर्न सगळं गेलेलं. मला कबूल केलं पाहिजे, तीन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. कोणी काही मागत नव्हतं.

तिवरांच्या वळणापाशी दादांनी इंजिन बंद केलं. सुमेधने माइक काढला, यंत्राचे आकडे लुकलुकायला लागले. आम्ही थांबलो. मला थंडी वाजत होती आणि मोठ्या आत्मीयतेने चहाची आठवण येत होती.

आणि आलाच.

टण टण. टण टण टण.

व्हिडिओत ऐकला तेव्हा नुसता आवाज होता. पाण्यावरून आला तेव्हा कोणीतरी हाक मारतंय असं वाटलं. माझ्या हाताला सुमेधची बॅग लागली ती मी घट्ट धरली. पूर्वाने काठी उचलली आणि होडीच्या कडेवर मारली. ठक ठक. ठक ठक ठक.

पलीकडचा आवाज थांबला. मग एकदम जोरात, भराभर, दम न खाता सुरू झाला.

"बघ आत्या! बघ!" पूर्वा कुजबुजली आणि पुन्हा काठी उचलली.

ती काठी बाळारामदादांनी हिसकावली. एवढ्या जोरात की होडी कलली.

"काय करतंस तू? कोनी सांगितला तुना ह्यो?"

"काका, आम्ही फक्त उत्तर..."

"उत्तर? चार शनवार पलीकडून वाजतंय ता तुमीच?" त्यांनी काठी होडीच्या तळाशी टाकली. "अगं पोरी, कार्मेलीनबाय हाय ती. थाली वाजवतंय."

मग धुक्यात, इंजिन बंद ठेवूनच, त्यांनी सांगितलं. पूर्वी थंडीत असं धुकं पडलं की होडीवाल्यांना घराचा धक्का सापडत नसे. तेव्हा प्रत्येक घरचं एक माणूस धक्क्यावर उभं राहून थाळी वाजवायचं. प्रत्येक घराचा ठेका वेगळा. दादांच्या घरचा एक आणि चार. कार्मेलीनबायच्या घरचा दोन आणि तीन. होडीतल्या माणसाने आपला ठेका ऐकला की फळीवर काठीने तोच परत वाजवायचा, म्हणजे घरच्यांना कळायचं, ऐकलं, येतोय. घरात कितीही भांडण असो, थाळी चुकवायची नाही, असा गावाचा दंडक. आता सगळ्यांच्या फोनवर नकाशा आहे. थाळी कोणी वाजवत नाही. एक तीच.

"ऑल्विनच्या बापाचा, जुझेचा ठेका," दादा म्हणाले. "नऊ वर्सा ती वाजवतंय. कोन उत्तर देनार? आनि आता तुमी दिला."

सुमेधने रेकॉर्डर बंद केला. तेवढ्यात वारा फिरला आणि किनाऱ्याच्या बाजूचं धुकं जरा फाटलं. लांब धक्क्यावर निळं लुगडं, आणि वर उचललेल्या हातात पिवळी, गोल, चमकणारी वस्तू. हात थांबत नव्हता.

मी नाराज होते. कोणावर ते नक्की नव्हतं. पूर्वावर, सुमेधवर, बारा प्रकरणांच्या करारावर, काल रात्री खिळ्याला परत अडकवलेल्या त्या थाळीवर. सगळ्यात जास्त स्वतःवर. आणि त्याहून जास्त, मला घरी जाऊन झोपायचं होतं.

परत आलो तेव्हा बाय स्वयंपाकघरात होत्या. चुलीवर भाकऱ्या आणि कोळंबी. तुपात तळलेली केळी. सकाळी साडेसातला, चार माणसांना आठ माणसांचा नाश्ता. त्यांचा चेहरा वेगळा दिसत होता, धुतल्यासारखा.

"बाई, बसा. आज जवल आयला," त्या मला हळूच म्हणाल्या. "चार शनवार लांबून, पलीकडून. आज अगदी वलनावर."

मी बसले. पूर्वा दारातच उभी राहिली.

"तुमाना सांगतंय, ऑल्विनला नाय सांगला कंदी," बाय भाकरी उलटत म्हणाल्या. "आदल्या राती आमचा भांडन झालेला. होडी विकाची का नाय यावरून. सकाली धुका पडला, मना ठावं होता वाजवायला पायजे. आनि मी बसून राहिले. म्हटला, भटकू दे जरा. अर्धा घंटा. मग गेले आनि वाजवला. मग दिवसभर वाजवला." त्यांनी तवा खाली उतरवला. "नऊ वर्सा तो बोलला नाय. राग व्हता त्याचा. आता गेला. उत्तर देतंय. आता कसला मिस्सा?"

शरदशी माझं शेवटचं बोलणं गोळ्यांच्या वेळेवरून झालेलं भांडण होतं. मी चिडून खोलीबाहेर गेले आणि बाल्कनीत कपडे वाळत घालत बसले. नंतर सगळे म्हणाले, "तू किती केलंस त्याचं." मी कोणाला सांगितलं नाही की मी त्या वेळी मुद्दाम सावकाश एकेक चिमटा लावत होते.

मागच्या खोलीत आमची तिघांची सभा भरली.

"नको सांगूया," पूर्वा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "तिला बरं वाटतंय ना, आत्या? व्हिडिओ काढून टाकूया, परत यायचंच नाही. बस."

"आणि पुढच्या शनिवारी?" सुमेध म्हणाला. "ती वाजवणार. उत्तर नाय आलं की समजणार, परत रागावला."

पूर्वा बोलली, अगदी लहान आवाजात, "म्हणजे आपण तिला माफी दिली. आपल्याकडे कुठे होती द्यायला?"

भुतांना घाबरणाऱ्या या मुलीला मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठी झालेली पाहिली. सांगायचं कोणी, हा प्रश्न उरला. वयाने मी सांगायला हवं होतं. पूर्वा म्हणाली, "काठी माझ्या हातात होती." मी तिला अडवलं नाही, आणि त्यात थोडा भेकडपणाही होता.

पण त्या दिवशी जमलं नाही. दुपारी बायचा डोळा लागला. संध्याकाळी शेजारणी आल्या. आमच्याकडे वाईट बातमी सांगायची तर आधी पाणी देतात, मग चौकशी, मग एखादा वडीलधारा घसा खाकरतो. इथली पद्धत आम्हाला माहीत नव्हती. जेवताना पूर्वाने तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मीठ मागितलं.

रविवार

धुकं कालच्यापेक्षा दाट. बाय थाळी घेऊन निघाल्या आणि आम्ही मागोमाग. मी त्यांच्याच मोठ्या चपला घालून फटक फटक चालत होते. धक्क्यावर बाळारामदादा आधीच बसलेले. ओहोटी होती, म्हणून होडी त्यांनी रात्रीच धक्क्याच्या टोकाशी पाण्यात आणून ठेवली होती, ती तिथे हलत होती. त्यांना सुमेधने सांगून ठेवलं होतं.

बायनी थाळी उचलली. टण टण. टण टण टण. थांबून कान दिला. पुन्हा वाजवलं. पुन्हा कान दिला.

पूर्वा होडीजवळ वाकली. तिने काठी घेतली आणि कडेवर मारली. ठक ठक. ठक ठक ठक.

बाय वळल्या. आधी होडीकडे बघितलं, मग काठीकडे, मग तिच्याकडे.

"मी होते, बाय," पूर्वा म्हणाली. ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "चारही शनिवार आणि काल. आम्ही पक्षी बघायला नाही आलो. आम्हाला वाटलं भूत वाजवतंय. मी उत्तर दिलं. जुझेकाकांनी नाही दिलं. मला माफ करा."

थाळी त्यांच्या हातात तशीच उभी होती. मला वाटलं त्या पोरीला मारतील, आणि मारावं असंही वाटलं, म्हणजे संपेल तरी.

"पाचीच्या पाची वेला तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पलीकडून ऐकू आयला तुना? पलीकडच्या काठाला?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही तयारीत नव्हता. पूर्वाने सुमेधकडे पाहिलं. तो पुढे आला. "आला, मावशी. स्पष्ट आला. माझ्याकडे रेकॉर्ड आहे. मशीन खोटं नाय बोलत. वळणावर तर एकदम जवळ वाजल्यासारखा."

"मशीन नको," बाय म्हणाल्या. त्यांनी थाळी आणि ठोकायचा लाकडी दांडा पूर्वाच्या हातात दिला. "तू वाजव. दोन आनि तीन. थांबू नको. बाळाराम, मना ने वलनावर."

"बाय, धुका..."

"नऊ वर्सा मी हितं उभी हाय. तिकडं काय ऐकू येतंय ता मना ठाव नाय. ने."

त्या लुगडं खोचून होडीत उतरल्या. सुमेधने जाकीट पुढे केलं, त्यांनी ते घातलं. इंजिनाचा आवाज लांब गेला, मग बंद झाला. होडी दिसेनाशी झाली.

पूर्वा वाजवायला लागली. आधी बेताल, मग जमलं. टण टण. टण टण टण. ती सुरेख वाजवत नव्हती, पण थांबत नव्हती. मागून ऑल्विन धावत आला, इस्त्रीच्या शर्टात, मिस्साला निघालेला. सुमेधने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो येऊन आईच्या जागी धुक्याकडे बघत उभा राहिला.

आणि मग धुक्यातून आलं. ठक ठक. ठक ठक ठक.

मला पक्कं माहीत होतं कोण वाजवतंय. दहा मिनिटांपूर्वी बाय माझ्यासमोर होडीत बसल्या होत्या. तरी मी शरदचं नाव घेतलं, मोठ्याने. कोणी मागे वळून पाहिलं नाही. पूर्वा वाजवतच राहिली.

होडी परत आली तेव्हा उजाडलं होतं. ऑल्विनने हात दिला, त्या वर आल्या. केसांवर दहिवर होतं.

"ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. मुलाला म्हणाल्या की मला की पाण्याला, कळलं नाही. "वलनावर सगला ऐकू येतंय. म्हंजे मी वाजवला तवा त्याने ऐकला. उशिरा वाजवला, पन ऐकला. माझा राग गेला ता त्याला कलला असल."

मग त्यांनी पूर्वाच्या हातातून थाळी घेतली, पदराने पुसली आणि ऑल्विनला म्हणाल्या, "चल. फादरला नाव सांगाचाय. उशीर होतंय."

आम्ही चर्चच्या मागच्या बाकावर बसलो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते कळत नव्हतं, पुढच्या माणसाचं बघून करत होतो. सुमेध सरळ बसून राहिला आणि कोणाला त्याचं वावगं वाटलं नाही. फादरने नावं वाचली. जुझेचं नाव तिसरं होतं. ऑल्विनने आईचा हात धरला. माझा कोणी धरला नव्हता, म्हणून मीच पूर्वाचा धरला.

व्हिडिओ मुलांनी त्याच दुपारी काढून टाकला. लोक अजून विचारतात म्हणे, ती जागा कोणती. मीही सांगत नाही.

निघण्याआधी जेवायला बसवलं. सुरमईचं कालवण, भात, आणि नाताळातल्या उरलेल्या करंज्या. ताटं मांडताना एक कमी पडलं. बाय उठल्या, भिंतीवरच्या खिळ्याची ती थाळी काढली, विसळली आणि त्यात भात वाढून पूर्वासमोर ठेवली.

"बाय, ही जेवणाची नाही ना?" पूर्वा घाबरून म्हणाली.

"आता हाय," त्या म्हणाल्या, आणि वरून कालवण वाढलं. थाळीच्या मधल्या पोच्यात ते सगळं जाऊन साठलं. पूर्वाने तिथूनच पहिला घास घेतला.